आत्याबाईच्या मिशा आणि आयझेनहॉवरचा पक्ष

तुम्ही माणूस बघून मत देता, पक्ष बघून नाही. बरोबर?

अंदाज चुकला असेल तर सोडून द्या. पण चार वर्षांपूर्वी पीएचडी संपवून मी अमेरिकेत आले, तेव्हापासून इथलं नागरिकत्व घेतलेल्या ज्या ज्या मराठी माणसांशी निवडणुकीवर बोलले, त्यांतल्या बहुतेकांनी हे वाक्य मला ऐकवलं आहे. गणपतीच्या जेवणाच्या रांगेत ऐकवलंय, कुणाच्या तरी मुलाच्या ग्रॅज्युएशनच्या पार्टीत ऐकवलंय, आणि एकदा तर डेंटिस्टच्या खुर्चीत, माझं तोंड उघडं आणि उत्तर द्यायची सोय नसताना. हे वाक्य म्हणणाऱ्याच्या आवाजात एक खास समाधान असतं. साखर सोडलेल्या माणसाच्या आवाजात असतं, तसं. पक्षाच्या मागे जातात ती मेंढरं. आम्ही शिकली-सवरलेली माणसं, आम्ही उमेदवाराचं भाषण ऐकतो, त्याचा अनुभव बघतो, आणि मग ठरवतो.

मला हे वाक्य चुकीचं वाटतं. नुसतं भाबडं नाही, चुकीचं. मला स्वतःला इथे मत नाही, मी व्हिसावर आहे, तेव्हा हे सांगायचा अधिकार मला कुणी दिला असं विचारलंत तर ते रास्त आहे. उपाशी माणसाला दुसऱ्याच्या ताटात टाकलेलं अन्न जरा जास्तच दिसतं, इतकंच म्हणते आणि पुढे जाते.

हे सगळं डोक्यात घोळायला लागलं ते एका खेळामुळे. मी कॅन्ससमध्ये राहते. इथे पाहुणे आले की त्यांना न्यायचं कुठे, हा मोठा प्रश्न असतो. नायगरा नाही, समुद्र नाही, आहे तो गहू. म्हणून ओव्हरलँड पार्कमधले आमचे एक काका (नात्यातले नाहीत, इथे सगळेच काका) पाहुण्यांना दोन राष्ट्राध्यक्ष दाखवतात. पहिला ट्रूमन, त्याचं ग्रंथालय कॅन्सस सिटीच्या शेजारी इंडिपेंडन्सला. दुसरा आयझेनहॉवर, त्याचं गाव अ‍ॅबिलीन, दोन-सव्वादोन तास पश्चिमेला. लहानपणीचं घर, संग्रहालय, ग्रंथालय आणि कबर असं सगळं एकाच आवारात. गेल्या वर्षी काकांकडे नाशिकचे व्याही-विहीणबाई आले होते, त्यांच्याबरोबर मीही गेले. परतताना गाडी काकू चालवत होत्या आणि काका आयपॅडवर नकाशा रंगवत होते.

खेळ असा: आयझेनहॉवर 1952 साली डेमोक्रॅटिक पक्षाकडून उभा राहिला असता तर?

विहीणबाई म्हणाल्या, "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं." सगळे हसले. पण एवढ्यावर हा खेळ उडवून लावता येत नाही, कारण या आत्याबाईला मिशा खरोखरच फुटत आल्या होत्या.

1945 च्या जुलैत, पॉट्सडॅमच्या परिषदेच्या वेळी, डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष ट्रूमनने जनरल आयझेनहॉवरला सांगितलं की तुला जे हवं ते मिळवून द्यायला मी मदत करीन, आणि त्यात 1948 चं राष्ट्राध्यक्षपदही आलं. दोन वर्षांनी, 25 जुलै 1947 ला ट्रूमनने डायरीत लिहून ठेवलं की, समोरून मॅकआर्थर उभा राहणार असेल तर आइकने डेमोक्रॅटिक उमेदवारी घ्यावी, मी त्याच्या हाताखाली उपाध्यक्ष व्हायला तयार आहे. ही डायरी इंडिपेंडन्सच्या त्याच ग्रंथालयात 2003 साली हाती लागली. तोवर ती पुस्तकांच्या कपाटात कुणाच्या लक्षात न येता पडून होती. 1948 च्या उन्हाळ्यात तर गंमतच झाली. डेमोक्रॅटिक पक्षातल्या नाराजांनी आइकला आणायची मोहीम काढली. त्यात कोण होतं? फ्रँकलिन रूझवेल्टचा मुलगा जेम्स आणि त्याच्यासारखे न्यू डीलवाले उदारमतवादी होते. आणि काळ्या-गोऱ्यांच्या शाळा वेगळ्याच राहिल्या पाहिजेत म्हणणारे दक्षिणेतले पुढारीही होते. दोघांनाही आइक आपला वाटत होता. कारण सरळ आहे, त्याची मतं कुणालाच माहीत नव्हती. त्याने नकार दिला. मग त्याच महिन्यात अधिवेशनात नागरी हक्कांच्या ठरावावरून मिसिसिपीचे प्रतिनिधी उठून चालते झाले, दक्षिणेत वेगळी चूल मांडली गेली आणि तिने नोव्हेंबरात 39 इलेक्टोरल मतं नेली.

आइकचा पक्ष कोणता, हे जगाला कळलं थेट जानेवारी 1952 मध्ये. सिनेटर हेन्री कॅबट लॉजने न्यू हँपशरच्या प्रायमरीत रिपब्लिकन म्हणून त्याचं नाव घातलं आणि पॅरिसमध्ये नाटोचं सैन्य सांभाळत बसलेल्या आइकने हो म्हटलं. तेव्हा त्याचं वय 61 होतं. एकसष्टीपर्यंत ज्याचा पक्ष कुणाला ठाऊक नाही, असा माणूस! "माणूस बघणाऱ्यां"ना याहून चांगला उमेदवार सापडायचा नाही.

म्हणून काकांचा नकाशा मी गांभीर्याने बघितला. खऱ्या निवडणुकीत आइकला 442 इलेक्टोरल मतं मिळाली आणि स्टीव्हन्सनला 89. स्टीव्हन्सनकडे उरली ती नऊ राज्यं, सगळी दक्षिणेतली नाहीतर दक्षिणेला चिकटलेली. काकांनी आइकला डेमोक्रॅट केलं, समोर रिपब्लिकनांचा रॉबर्ट टाफ्ट बसवला, आणि ती नऊ राज्यंही आइकच्या खिशात घातली. जवळपास सगळा देश एकाच रंगाचा. आयपॅड मिटून काका म्हणाले, "बघ. शर्टाचा रंग बदलला, बाकी काय? तोच माणूस, तेच हायवे, तोच कोरियाचा तह. माणूस महत्त्वाचा, पक्षाचं काय घेऊन बसलीस!"

इथे माझं डोकं फिरलं. अर्थात मी तेव्हा काही बोलले नाही. काकूंनी पुऱ्या-बटाट्याची भाजी बांधून आणली होती आणि ज्याची पुरी खायची त्याच्याशी गाडीत भांडायचं नाही, एवढं आईने शिकवलंय. ते भांडण आता इथे करते.

माझं काम गव्हावर आहे. गव्हाला तांबेरा पडतो, तो पडू नये म्हणून गव्हाच्या नातेवाईक धान्यांमधून रोगाला दाद न देणारं जनुक उचलून गव्हात आणायचं, असा हा धंदा. बाहेरून ऐकताना ते एक बटण काढून दुसरं लावण्यासारखं वाटतं. पण संकर करून आणलेलं जनुक एकटं येत नाही. गुणसूत्राचा अख्खा तुकडा येतो आणि त्या तुकड्यावर बसलेली बाकीची मंडळीही येतात. राय नावाच्या धान्याचा (मोहरीवाली राई नव्हे) असा एक तुकडा जगभरच्या गव्हांत गेलेला आहे. त्याने तांबेरा रोखला. पण त्याच तुकड्याबरोबर रायची प्रथिनं आली आणि बेकरीत कणीक यंत्राला चिकटायला लागली. शेतकरी खूश, बेकरीवाला हैराण. जनुक चांगलं होतं की वाईट, हा प्रश्नच अपुरा होता. त्याच्याबरोबर काय आलं, हे विचारायला हवं होतं.

उमेदवाराचंही हेच आहे. काकांनी आइकला उचलून दुसऱ्या पक्षात ठेवला, पण बाकीचा तुकडा जागेवरच सोडला. पक्ष म्हणजे शर्ट असता तर हे चाललं असतं. पण पक्ष म्हणजे त्या माणसाच्या मागे उभी असलेली रांग. तो जिंकला की ती रांग आत येते. तिच्यातूनच न्यायाधीश होतात, समित्यांचे अध्यक्ष होतात, आणि कुणाचा फोन उचलायचा, कुणाचा नाही, हेही तीच ठरवते.

आता आइकची रांग बघा. 1952 च्या जुलैत शिकागोला रिपब्लिकन अधिवेशन भरलं तेव्हा आइक आणि टाफ्ट यांच्यात इतकी चुरस होती की टेक्सस, जॉर्जिया आणि लुइझियाना या तीन राज्यांचे खरे प्रतिनिधी कोणते, यावर सगळं अडलं. दक्षिणेत तेव्हा रिपब्लिकन पक्ष म्हणजे चार वकील आणि एक टेबल. जॉर्जियात आइकच्या बाजूने एल्बर्ट टटल नावाचा वकील भांडत होता, लुइझियानात जॉन मायनर विस्डम. (विस्डम हे खरंच आडनाव आहे.) ते भांडण आइकच्या बाजूने सुटलं, उमेदवारी मिळाली, निवडणूक जिंकली. मग आइकने त्यांची परतफेड कशी केली? पाचव्या सर्किटच्या फेडरल अपील न्यायालयात टटलला 1954 साली नेमलं, टेक्ससच्या जॉन ब्राऊनला 1955 साली, विस्डमला 1957 साली. आणि अलाबामातल्या जिल्हा न्यायालयात फ्रँक जॉन्सन या 37 वर्षांच्या वकिलाला, ज्याने तिथे आइकसाठी माजी सैनिकांना गोळा केलं होतं.

हे नुसते वशिल्याचे तट्टू निघाले असते तरी आश्चर्य वाटलं नसतं. पण झालं उलटंच. पाचवं सर्किट म्हणजे तेव्हा टेक्ससपासून फ्लोरिडापर्यंत सहा राज्यं, वंशभेदाचा बालेकिल्ला. सर्वोच्च न्यायालयाने 1954 साली ब्राऊन खटल्यात वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या खऱ्या, पण तो निकाल गावोगावी लावायचा कुणी? तो लावला या लोकांनी. 1956 साली माँटगमरीच्या बसमधली वेगळी बाकं घटनाबाह्य ठरवणारा निकाल तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोन विरुद्ध एक असा दिला. त्या दोनांतला एक फ्रँक जॉन्सन, नेमणूक होऊन वर्षही न झालेला. 1962 साली जेम्स मेरेडिथला मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश द्या म्हणणारा निकाल विस्डमने लिहिला. 1965 साली सेल्मा ते माँटगमरी मोर्चाला परवानगी दिली ती पुन्हा जॉन्सननेच.

ही माणसं त्या टेबलाभोवती का सापडली, यालाही कारण आहे. जॉर्जियात किंवा लुइझियानात ज्याला पुढे यायचं होतं, तो डेमोक्रॅट व्हायचा. गावची कचेरी, शेरीफ, न्यायालय सगळं त्यांच्याच हातात. तिथे रिपब्लिकन होणारा माणूस एकतर जरा चक्रम असायचा, नाहीतर गावच्या गोतावळ्याला न बांधलेला. आइकच्या मागे दक्षिणेतून उभी राहिली ती ही रांग. सगळेच रत्न होते असं नाही हं. मिसिसिपीचा बेन कॅमेरॉनही आइकनेच त्याच न्यायालयावर नेमला, आणि तो पक्का वंशभेदवादी निघाला. पण हिशेब मांडला तर पारडं कुठे झुकतं ते दिसतंच.

आणि खुद्द आइक? त्याने ब्राऊनच्या निकालाला जाहीर पाठिंबा असा कधी दिलाच नाही. "हळूहळू घ्या" हा त्याचा सूर. म्हणजे 1952 साली एखाद्या कृष्णवर्णीय मतदाराने माणूस बघायचा ठरवला असता, तर त्याला दिसला असता तो या प्रश्नावर थंड असलेला एक जनरल.

आता त्याच जनरलला काकांच्या नकाशात डेमोक्रॅट करा. सिनेटची जुनी रीत अशी की एखाद्या राज्यात फेडरल न्यायाधीश नेमायचा तर राष्ट्राध्यक्षाने आपल्याच पक्षाच्या तिथल्या सिनेटरांना विचारायचं. रिपब्लिकन आइकला दक्षिणेत विचारायला कुणी नव्हतंच. तिथले सगळे सिनेटर डेमोक्रॅट. डेमोक्रॅट आइकला मात्र मिसिसिपीसाठी जेम्स ईस्टलंडला विचारावं लागलं असतं आणि जॉर्जियासाठी रिचर्ड रसेलला. 1956 साली याच लोकांनी ब्राऊनच्या निकालाविरुद्ध दक्षिणेचा जाहीरनामा काढला. त्यावर काँग्रेसमधल्या सुमारे शंभर जणांच्या सह्या होत्या. त्यांतले दोन सोडले तर सगळे डेमोक्रॅट.

तुम्ही म्हणाल, हे सगळे तुझ्या मनाचे मांडे. नाही. हा प्रयोग इतिहासाने खरोखर करून ठेवला आहे, फक्त नाव वेगळं आहे. 1961 साली जॉन केनेडी राष्ट्राध्यक्ष झाला. माणूस म्हणून बघाल तर नागरी हक्कांबाबत आइकपेक्षा कितीतरी ऊबदार. निवडणुकीच्या ऐन धामधुमीत किंग तुरुंगात असताना त्यांच्या पत्नीला फोन करणारा. या केनेडीने मिसिसिपीत नेमलेला पहिला जिल्हा न्यायाधीश कोण? विल्यम हॅरल्ड कॉक्स, ईस्टलंडचा कॉलेजातला खोलीसोबती. कारण तोवर ईस्टलंड सिनेटच्या न्यायविषयक समितीचा अध्यक्ष झाला होता आणि तो केनेडीच्याच पक्षाचा होता. कॉक्स न्यायासनावरून कृष्णवर्णीय मतदारांबद्दल जे बोलायचा ते मी इथे लिहिणार नाही. जॉर्जियात केनेडीने नेमला रॉबर्ट एलियट. 1962 च्या जुलैत ऑल्बनी गावात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या मोर्चांवर बंदी घालणारा हुकूम या एलियटने काढला. आणि काही दिवसांतच तो हुकूम उठवला कुणी? एल्बर्ट टटलने.

पुन्हा एकदा वाचा. ऊबदार केनेडीच्या न्यायाधीशाने किंग यांना अडवलं आणि थंड आइकच्या न्यायाधीशाने वाट मोकळी केली. माणूस बघणाऱ्यांनी यावर काय म्हणायचं ते मला सांगा.

सिनेटचा भाग थोडक्यात सांगते, नाहीतर लेख संपायचा नाही. 1952 साली आइकच्या लाटेवर रिपब्लिकनांना सिनेटमध्ये 48 जागा मिळाल्या. डेमोक्रॅटांना 47, आणि एक अपक्ष. या एवढ्याशा फरकाने जो मॅकार्थीला समितीचं अध्यक्षपद मिळालं आणि पुढची दोन वर्षं त्याने लोकांना समोर बसवून देशद्रोही ठरवण्याचा जो तमाशा केला, तो त्या खुर्चीतून. काकांच्या नकाशात लाट दुसऱ्या बाजूला आहे. म्हणजे ती खुर्ची गेली. (हो, इथे डेमोक्रॅट आइकचा फायदा झाला असता. मी कुठल्या पक्षाची वकिली करायला बसलेले नाही.) अ‍ॅरिझोनात बॅरी गोल्डवॉटर नावाच्या दुकानदाराने सिनेटमधल्या डेमोक्रॅटिक नेत्याला, मॅकफार्लंडला, सात हजारांहून कमी मतांनी पाडलं. आइकच्या लाटेशिवाय ते झालं असतं का? मॅकफार्लंड पडला म्हणून नेतेपद रिकामं झालं, आणि ते लिंडन जॉन्सनला मिळालं. तिकडे मॅसॅच्युसेट्समध्ये लॉज आइकच्या प्रचारात इतका गुंतला की स्वतःची जागा सुमारे 70 हजार मतांनी घालवून बसला. कुणापुढे? तरुण जॉन केनेडीपुढे. आणि उपाध्यक्ष झाला निक्सन. आता मोजा: 1960 ला केनेडी विरुद्ध निक्सन, 1964 ला जॉन्सन विरुद्ध गोल्डवॉटर. चौघेही 1952 च्या त्या एका निवडणुकीच्या दारातून आत आलेले किंवा वर चढलेले. "शर्टाचा रंग बदलला, बाकी काय?"

काका जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेचे मोठे भक्त आहेत. पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नाही तर, अशी ती कथा. मीही शाळेत असताना ती वाचली. त्या कथेची गंमत कशात आहे? विश्वासराव वाचले, यात नाही. ते वाचल्यावर बाकी सगळं हललं, यात आहे. गंगाधरपंत मुंबईत उतरतात तर ईस्ट इंडिया कंपनीची कचेरी अजून शाबूत! नारळीकरांनी नुसती गोळी चुकवून बाकीचं जग जसंच्या तसं ठेवलं असतं तर ती कथा कुणाच्या लक्षात राहिली असती? पण त्याच कथेवर पोसलेली आपण माणसं अमेरिकेच्या निवडणुकीचा जर-तर खेळताना फक्त गोळी चुकवतो.

आणि मत देतानाही तेच करतो.

"मग काय, डोळे मिटून पक्षाच्या मागे जायचं?" हा पुढचा प्रश्न मला पाठ आहे. नाही. डोळे उघडे ठेवून रांग बघायची. 1952 ची रांग आज नाही. दक्षिणेतले ते डेमोक्रॅट गेले, त्यांची मुलं-नातवंडं रिपब्लिकन झाली, टटल-विस्डमसारख्यांचा पक्ष आज त्यांना ओळखू यायचा नाही. म्हणून "लिंकनचा पक्ष आमचा" असं म्हणणारेही मला तितकेच हास्यास्पद वाटतात. पाटी तीच म्हणून दुकान तेच असं मानणारे. रांग दर निवडणुकीला नव्याने बघावी लागते आणि ते कंटाळवाणं काम आहे. उमेदवाराचं भाषण ऐकणं सोपं, त्याच्या बायकोची मुलाखत बघणं त्याहून सोपं. न्यायविषयक समितीचा अध्यक्ष कोण होईल, हे शोधायला कुणाला वेळ आहे?

आइकच्या बाजूने एक गोष्ट मला मान्य करायला हवी. माणूस अजिबात महत्त्वाचा नाही, असं मी म्हटलं तर तो खोटेपणा होईल. आइक रिपब्लिकन म्हणून उतरला यामागे एक कारण होतंच: टाफ्ट आला तर युरोपातून अंग काढून घेईल, नाटो खिळखिळी होईल, ही धास्ती. त्याने आत शिरून त्या पक्षाची परराष्ट्रविषयक दिशा बदलली. पण ते त्याने कुठे केलं? न्यू हँपशरच्या प्रायमरीत आणि शिकागोच्या अधिवेशनात. माणूस बघायची जागा ती. नोव्हेंबरात तुमच्यासमोर येतात त्या दोन रांगा, प्रत्येकीच्या पुढे एकेक चेहरा.

आता तुमचा-माझा संबंध. आपण इथे आहोत तो 1965 च्या इमिग्रेशन कायद्यामुळे, हे बहुतेकांना माहीत असतं. त्याआधी 1946 पासून भारताचा कोटा होता वर्षाला 100 माणसांचा. शंभर! ओव्हरलँड पार्कच्या एका दिवाळी कार्यक्रमात त्याहून जास्त माणसं असतात. तो कायदा सिनेटने 76 विरुद्ध 18 मतांनी मंजूर केला आणि विरोधातली बहुतेक मतं दक्षिणेतल्या डेमोक्रॅटांची होती. इमिग्रेशनचं विधेयक सिनेटमध्ये कुठल्या समितीकडे जायचं माहीत आहे? न्यायविषयक समितीकडे. अध्यक्ष, अजूनही, ईस्टलंड. तो विरोधात होता, पण या विधेयकाच्या सुनावण्या त्याने एडवर्ड केनेडीला चालवू दिल्या. म्हणजे काका, तुमचं 1978 चं विमान आणि माझं चार वर्षांपूर्वीचं, ही दोन्ही विमानं एका माणसाने खुर्ची जराशी बाजूला सरकवली म्हणून उडाली. 1964 साली मत देताना किती जणांनी ईस्टलंडचा विचार केला असेल?

अलीकडे मी काकांना हे सगळं सांगितलं. पुरणपोळ्या होत्या, पण मी मन घट्ट केलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. टटलचं नाव त्यांनी कधी ऐकलं नव्हतं, ते फोनवर शोधून काकूंना वाचूनही दाखवलं. मग म्हणाले, "पटतंय तुझं. पण आता सवय झाली गं. मी आपला माणूसच बघतो."

मी म्हटलं, "बघा ना. पण मग प्रायमरीत बघा. कॅन्ससने 1932 नंतर एकही डेमोक्रॅट सिनेटर निवडलेला नाही. इथे माणूस निवडला जातो तो ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी. तेव्हा मत देता का?"

काकांनी पोळीवर तूप घेतलं. काकूंनीच उत्तर दिलं.

"ऑगस्टात कसं जमणार? ऑगस्टात आम्ही पुण्यात असतो."